नोकरी सांभाळून बालवाचनालयात इंटर्नशिप: १२० तासांच्या नोंदी (नागपूर)

२९ मार्च, शनिवार

ठरलं. पुढच्या आठवड्यापासून प्रतापनगरकडच्या एका बालवाचनालयात इंटर्नशिप. १२० तास, ३ महिने, मानधन शून्य. दिवसा मी मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, बाकी शनिवारी २ वाजेपर्यंत ऑफिस. हिशोब असा मांडला की बुधवारी संध्याकाळी २ तास, शनिवारी ३, रविवारी ५, म्हणजे आठवड्याला १०, बारा आठवड्यात काम फत्ते. वहीत फार सुंदर दिसत होतं ते.

हे लिहून ठेवतेय कारण मला आधी कोणी सांगणारं भेटलं नाही. नोकरी करता करता असं काही करायचं असेल तर निदान माझ्या चुका तरी तुमच्या कामाला येतील.

५ एप्रिल, शनिवार

पहिला दिवस. मला वाटलं होतं पोरं भोवती बसतील, मी गोष्ट सांगेन. मॅडमनी (ग्रंथपाल, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलीत) हातात फडकं दिलं आणि म्हणाल्या, "आधी पुस्तकं ओळखीची कर वं, मंग पोट्ट्यांची ओळख होते." तीन तास तेच, वरचा कप्पा, खालचा कप्पा, शिंका.

मग दाखल नोंदवही दाखवली. प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक, तो आतल्या पानावर, शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, आणि शिवाय एका ठरलेल्या गुप्त पानावर. गुप्त पान का, तर कोणी पहिली दोन पानं फाडून पुस्तक आपलंच म्हणाला तर तिथला शिक्का सापडतो. मोठ्यांच्या लायब्रऱ्यांत हे पान पंचविसावं वगैरे असतं म्हणे, पण इथली निम्मी पुस्तकं १६ पानांची, त्यामुळे इथं पान ७. मला ही गोष्ट का माहीत नाही पण इतकी आवडली की घरी येऊन आईला सांगितली.

भिंतीवर ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथन यांचे १९३१ चे पाच नियम फ्रेम करून लावलेत. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. इंटर्नच्या वेळेबद्दल नियम नाही.

९ एप्रिल, बुधवार

बुधवारचा प्लॅन पहिल्याच बुधवारी मेला. सव्वासहाला निघायचं होतं, निघाले ७ वाजून १० मिनिटांनी. खापरीहून मेट्रो, सीताबर्डीला लाइन बदलून सुभाषनगर, मग पायी. पोचले तेव्हा वाचनालयातले भाऊ शटर ओढत होते. "ताई, आठला बंद होते ना." तास मिळाले शून्य, गेले दोन.

बुधवार रद्द. आठवड्याचे १० चे ८ झाले, म्हणजे १२ चे १५ आठवडे. त्यात एप्रिल-मे हा अकाउंट्सवाल्यांचा उरलेला जीव काढणारा काळ, वर्षअखेर, दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी, मार्चचा टीडीएस ३० एप्रिलला, तिमाहीचं रिटर्न ३१ मेला. इंटर्नशिप एप्रिलमध्ये सुरू करणं हीच पहिली चूक, आणि ती मी, जिच्या टेबलावर ह्या तारखांचं कॅलेंडर चिकटवलेलंय, तिने केली.

१३ एप्रिल, रविवार

काल आणि आज मिळून १० तास. मॅडमना नोंदवही कॉम्प्युटरवर हवी आहे, २,१०० च्या वर पुस्तकं आहेत. ट्रस्टकडे पैसे नाहीत, कोहासारखं लायब्रऱ्यांसाठीचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे पण ते बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो तोही नाही, म्हणून साधं एक्सेल. मी म्हटलं हे तर माझं रोजचंच काम. दोन दिवसात ३१२ पुस्तकं टाकली. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, भाषा, किंमत, पानं, शेरा. मॅडम बघून म्हणाल्या, "बाप्पा, लवकर करून राहिली तू तर." चढले मी हरभऱ्याच्या झाडावर.

एकूण तास १७.

२० एप्रिल, रविवार

काल ऑफिसात रात्री ९ पर्यंत. आज डोकं बधिर, पण आले. मॅडमनी सहज एक पुस्तक काढून क्रमांक विचारला. शीटमध्ये त्या क्रमांकावर दुसरंच पुस्तक. दुसरं काढलं, तेही चूक. तिसरं बरोबर, चौथं चूक.

काय झालं ते कळायला अर्धा तास लागला. मागच्या रविवारी जाताना नावं अकारविल्हे लावून दाखवावीत म्हणून मी सॉर्ट केलं होतं, आणि फक्त नावाचा कॉलम सिलेक्ट करून केलं. एक्सेल विचारतं की बाकीचे कॉलम पण घ्यायचे का, मी घाईत नको वर क्लिक केलं असणार. नावं हलली, क्रमांक-लेखक-किंमत जागेवरच. आणि मग सेव्ह, बंद, कॉपी नाही.

नऊ वर्षं झाली मला एक्सेलवर काम करून. ऑफिसात कोणी ज्युनिअरने हे केलं असतं तर मी काय बोलले असते ते इथं लिहीत नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त नोंदवही माझ्याकडे सरकवली आणि चहा सांगितला.

२७ एप्रिल, रविवार

काल-आज दोन्ही दिवस दुरुस्ती. ३१२ च्या ३१२ नोंदी नोंदवहीशी परत ताडून. १० तास गेले, म्हणजे १३ तारखेचं काम दोनदा केलं.

आता केलेले बदल: (१) नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, म्हणजे घरूनही ताडता येतं. (२) फाइलच्या नावात तारीख, रोज नवी कॉपी. (३) डेटाला टेबल करून घेतलं, आता सॉर्ट केलं की अख्खी ओळ हलते. (४) दर २५ पुस्तकांनंतर एक पुस्तक कपाटातून काढून तपासायचं. चौथा सगळ्यात कामाचा, तो मॅडमचा.

वर्गांकाचंही सांगते. मी उत्साहात ड्यूईचे नंबर (लायब्रऱ्यांत विषयानुसार पुस्तकांना देतात ते) टाकायला घेतले होते. मराठी साहित्य ८९१.४६, आणि आमच्याकडची बहुतेक मराठी पुस्तकं त्यातच, म्हणजे कपाटभर एकच नंबर. दुसरीतलं पोरगं येऊन ८९१.४६ मागत नाही, ते म्हणतं "दीदी, भूतवाली दो ना". तो कॉलम काढला. माहितीच्या पुस्तकांना मात्र ठेवला, डायनासोर ५६७.९, तिथं खरंच गर्दी असते.

एकूण ३१.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. उन्हाळी वेळ सुरू झाली, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, मधे ऊनच एवढं की कोणी येतही नाही.

आज पहिल्यांदा गोष्ट सांगायला मिळाली, १४ मुलं होती. मी २४ पानांचं पुस्तक निवडलं, घरी एकदा वाचलं होतं, आणि अगदी आकाशवाणीच्या सुरात वाचायला लागले. सहाव्या पानाला दोन पोरं पंख्याच्या बटणाशी. दहाव्या पानाला एकीने विचारलं, "दीदी, ये खतम कब होगा?" शेवटी पाच उरली, त्यातली तीन एकाच घरची, त्यांची आई यायची होती.

मॅडमचं म्हणणं: पुस्तक स्वतःकडे धरून वाचलंस, चित्र तुलाच दिसत होतं. भाषा छापील. घरी ही मुलं अर्धी हिंदी, अर्धी आपली नागपुरी बोलतात, "तेथे एक वृद्ध गृहस्थ राहत असत" म्हटलं की त्यांना शाळा आठवते. आणि आठ मिनिटांच्या वर जायचं नाही.

४ मे, रविवार

रंगीत ठिपके. बंगळुरूच्या हिप्पोकॅम्पसवाल्यांची ग्रोबाय नावाची पद्धत आहे, वाचायला किती सोपं-अवघड त्यावरून पुस्तकाला रंग: हिरवा, लाल, नारिंगी, पांढरा, निळा, पिवळा. हिरवा सगळ्यात सोपा, पिवळा सगळ्यात अवघड. सीताबर्डीवरून गोल स्टिकर आणले, १८० रुपये. आज १५० पुस्तकांच्या कण्यावर लावले. दिसायला एकदम भारी. एकूण ३८.

७ मे, बुधवार (तास नाहीत, फक्त डोक्याला ताप)

मी मुलांसोबतचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला होता. त्यावरून दोन गोष्टी एकाच दिवशी.

एका मुलीच्या आईचा मॅडमना फोन, आमच्या पोरीचा फोटो कोणाला विचारून टाकला. बरोबर आहे त्यांचं. लगेच काढला, फोन करून माफी मागितली. मॅडमनी पहिल्या दिवशी एका कागदावर सही घेतली होती, मुलासोबत खोलीत एकटं थांबायचं नाही, पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही. मी सही केली होती. वाचलं नव्हतं.

तेच स्टेटस आमच्या साहेबांनी बघितलं. "शनिवार-रविवार दुसरं काम करून राहिल्या का तुम्ही?" मी म्हटलं पगार नाही सर. मग अपॉइंटमेंट लेटर काढलं, त्यात स्पष्ट लिहिलंय, पगारी असो की बिनपगारी, दुसरं काम लेखी परवानगीशिवाय नाही. हेही वाचलं नव्हतं. एचआरला मेल केला, वाचनालयाचं पत्र जोडलं, वेळा लिहिल्या. (हे पुढचं नंतर लिहिलंय.) उत्तर नवव्या दिवशी आलं, चालेल म्हणून. तोपर्यंत जात होतेच, पण चोरासारखी. तुम्ही आधी मेल करा.

११ मे, रविवार

आजची नोंद मोठी आहे, कारण नुकसान मोठं आहे.

वाचनालयात एक लोखंडी कूलर आहे, खिडकीत बसवलेला, ताट्या नव्या, वास मस्त येतो. त्याच्या समोर दोन फुटांवर चित्रपुस्तकांचं बुटकं रॅक. ते तिथं मीच आणलं होतं एप्रिलमध्ये, कारण बारकी पोरं गार हवेत बसतात, पुस्तकं हाताशी हवीत. तर्क बरोबर वाटला होता.

काल शनिवारी एका मुलीने पुस्तक उघडायला घेतलं तर पानं उघडेनात. तिने माझ्याकडे दिलं. मी दोन्ही हातांनी हळूच ओढलं, चर्र असा आवाज आला आणि डावीकडच्या पानावरचा हत्तीचा चेहरा सोलून उजवीकडच्या पानावर, आकाशात, उलटा चिकटला. डावीकडे हत्तीच्या जागी पांढरा खरबरीत कागद. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हत्ती गेला."

कारण साधं आहे. चित्रपुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर असतात, त्या कागदावर लेप असतो. कूलरची ओली हवा महिनाभर लागली की तो लेप सुटून डिंकासारखा होतो आणि रात्री कूलर बंद झाला, खोली तापली की पानं एकमेकांना धरून वाळतात. एकदा वाळली की सुटत नाहीत. साध्या कागदाची पुस्तकं त्याच रॅकवर होती, ती फक्त फुगली, चिकटली नाहीत.

काल-आज ११ तास यातच. रॅकवरची सगळी ८६ पुस्तकं काढून बघितली. २३ कमी-जास्त चिकटलेली. जी अजून ओलसर होती ती कूलर बंद करून पंख्याखाली उभी ठेवली, पानं पंख्यासारखी पसरून, मधे मधे कोरे कागद. १४ वाचली, ९ गेली. गेलेली ओढून बघू नका, मी आणखी एक ओढलं आणि सश्याचे कान गेले.

रॅक आता आतल्या भिंतीला, कूलरचं तोंड दाराकडे, आणि बंद करण्याआधी अर्धा तास पाणी बंद करून नुसती हवा. पोरं कुरकुरली, "दीदी, इधर गरम होता है". होते गरम. ९ पुस्तकांचे ६४० रुपये मी देते म्हटलं, मॅडमनी निम्मेच घेतले.

एकूण ४९.

१८ मे, रविवार

दुरुस्तीचा दिवस. एप्रिलमध्ये मी फाटलेली ४० पानं सेलोटेपने चिकटवली होती. आता बघितलं तर उन्हाळ्याने टेपचा गोंद कडेने बाहेर आलाय, त्याला धूळ चिकटलीय, काही ठिकाणी पुढचं पान पण. टेप काढला तर अक्षरं पण येतात. राहू दिल्या त्या तशाच.

महाल भागातल्या एका बाइंडरकाकांना विचारलं. ते म्हणाले मैद्याची खळ कर, पातळ कागदाची पट्टी लाव, आणि खळीत चिमूटभर मोरचूद टाक म्हणजे कसर लागत नाही. मॅडमनी मोरचुदाला साफ नाही म्हटलं, बारकी मुलं बोटाला थुंकी लावून पानं उलटतात, काही तर पुस्तक चाटतात, ते विष आहे. म्हणून नुसती खळ. ती आपल्या उन्हात एका दिवसात आंबते, मी सकाळी केलेली संध्याकाळी वास मारत होती. आता वाटीभरच करायची आणि उरली तर टाकायची. एका पानाला १० मिनिटं, वर वजन, रात्रभर.

एक बकरीचं चित्रपुस्तक गोष्टीच्या प्रॅक्टिससाठी घरी नेलं, मॅडमना सांगून, वहीत सही करून. एकूण ५४.

२५ मे, रविवार

ठिपक्यांचं काय झालं ते. तीन आठवड्यात तिसरा हिस्सा पडले, काहींचा उन्हाने गोंद सुटला आणि काही पोरांनी नखाने काढले, ते काढायला मजाच येते, मीही एक काढून बघितला. पांढरा ठिपका पांढऱ्या कण्यावर दिसतच नाही. उपाय: वरून पारदर्शक टेपची पट्टी (इथं चालते, प्लास्टिक कव्हरवर लावायची, कागदावर नाही), पांढऱ्याला काळ्या मार्करची कड. आणखी ९० रुपये.

पण खरी गडबड वेगळीच होती. एक मुलगा येतो, सहावीतला, उंच, इंग्रजी शाळेत आहे, मराठी वाचायला अडखळतो. त्याला हिरव्या ठिपक्याचं एक पुस्तक आवडलं होतं. देवघेवीच्या टेबलावर त्याने ते दिलं तेव्हा अंगठा बरोबर ठिपक्यावर होता. मी क्रमांक बघायला पुस्तक फिरवलं, तसा त्याचा अंगठाही फिरला. मागे चौथीतली दोन पोरं उभी होती. मी काही बोलले नाही, नोंद केली, दिलं.

संध्याकाळी मॅडमना सांगितलं. आम्ही बाजूच्या वाचनालयांचं बघून "इयत्ता १ ली-२ री" अशा पाट्या लावल्या होत्या त्या काढल्या. ठिपके कण्यावरून मागच्या कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात नेले. म्हणजे १५० पुस्तकं परत. शोधायला जरा वेळ लागतो आता, पण मुलांना आम्ही पाच बोटांची युक्ती शिकवली, कुठलंही पान उघडायचं, न आलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच झाली तर दुसरं पुस्तक बघ. तो मुलगा आज तीन पुस्तकं घेऊन गेला. तिन्ही हिरवी.

गोष्टही परत सांगितली काल, बकरीचीच. पुस्तक कानाजवळ, पानं मुलांकडे, आणि बकरी नागपुरी बोलली: "काहून वं, माया पाला कोनं खाल्ला?" सात मिनिटं. पुन्हा सांगा म्हणाले. आज परत सांगितली, आज पुस्तक घरी विसरले होते तरी चाललं, पाठ झालीय.

एकूण ६४.

१ जून, रविवार

काल रिटर्नची शेवटची तारीख, घरी रात्री दीडला. आज ४ तास फक्त बसून कव्हरं घातली. झोप येत होती. ६८.

२२ जून, रविवार

मधल्या तीन आठवड्यात विशेष काही नाही, एक्सेल, कव्हरं, देवघेव. दोरीला चिमटे लावून पुस्तकं टांगली, मुखपृष्ठं दिसली की उचलली जातात हे खरं आहे, पण पंख्याने फडफडून पडत होती म्हणून खालून दुसरी दोरी. सुतळी-चिमटे ११० रुपये.

नोंदी पूर्ण झाल्या, आता पडताळणी, कपाटातली पुस्तकं आणि शीट. ६३ सापडत नाहीत. मॅडम म्हणाल्या घाबरू नको, निम्मी चुकीच्या कप्प्यात असतात.

तीन महिने २९ ला संपतात आणि माझे ८७ तास झालेत. मॅडमनी दोन आठवडे वाढवून दिले.

एक आणखी, मला वाटत होतं ह्या सर्टिफिकेटचा बी.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राची पदवी) प्रवेशाला उपयोग होईल. नाही होत, त्याला कुठल्याही शाखेची पदवी लागते, ती माझ्याकडे होतीच. मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून नोकरी करत करता येतं. आधी विचारलं असतं तर कळलं असतं, पण तरी आले असते बहुतेक.

१३ जुलै, रविवार

काल ८, आज ८. एकूण १२१.

खर्च: स्टिकर-टेप-मार्कर २७०, सुतळी-चिमटे ११०, पुस्तकांची भरपाई ३२०, मेट्रो-पेट्रोल मिळून साधारण १,९००. वाया गेलेला वेळ: एक्सेल १०, ठिपके ८, कूलर ११, बुधवार २.

शाळा सुरू झाल्यात, आपल्याकडे उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, त्यामुळे गर्दी संध्याकाळी साडेपाचला एकदम. पडताळणी संपवली. ६३ पैकी २५ सापडली, २४ चुकीच्या कप्प्यांत, एक कूलरच्या स्टँडखाली टेकू म्हणून होतं. ३८ नाहीतच, त्यांची यादी निर्लेखनासाठी (म्हणजे नोंदीतून कायमची काढायला) ट्रस्टला द्यायची म्हणून मी वाचून दाखवत होते आणि मॅडम लिहीत होत्या. एकोणिसाव्या नावाला मी थांबले. बकरी.

ऑफिसच्या बॅगेत होतं, लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात, टीडीएसच्या कागदांमधे. १८ मे ते १३ जुलै, ५६ दिवस. १५ दिवस माफ, पुढे रोज एक रुपया. मॅडमनी यादीत ३८ चे ३७ केले, पावती पुस्तक काढलं आणि ४१ रुपयांची पावती फाडली. सुट्टा एक रुपया नव्हता माझ्याकडे, तो भाऊंनी दिला.